फीतवाल्यांची हिरवी फीत

फीतवाल्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, आणि गेली अडतीस वर्षं ते रंगीत फितींचं दुकान चालवतात. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटेल, पण खरंच तसं आहे. त्यांच्या डोळ्यांना हे दोन्ही रंग सारखेच मातकट दिसतात. शाळेत असताना त्यांनी एकदा झाडाला मनापासून लाल पानं काढली होती आणि मास्तरांनी ते चित्र वर्गभर फिरवलं होतं. तेव्हापासून रंगाबद्दल तोंड उघडायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि मग दुकान घेतलं ते नेमकं फितींचं.

याचं खापर बायकोवर फोडायला हवं. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी तिला डोळ्यांची गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली होती. त्याच सुमाराला एक म्हातारा दुकानदार आपलं फितींचं दुकान त्यांना चालवायला द्यायला तयार होता. "मला कसं जमणार?" म्हणून हे पिठाच्या गिरणीत नोकरी धरायला निघाले. ती म्हणाली, "एक करा. बाजारात जा आणि कुणालाही न विचारता माझ्यासाठी हिरवी फीत आणा. आणलीत तर दुकान घ्या, नाहीतर गिरणी आहेच." ते गेले. एका दुकानापुढे अर्धा तास उभे राहून घामाघूम झाले आणि शेवटी एका रिळावर बोट ठेवलं. तिने ती फीत उजेडात धरली, बोटाभोवती गुंडाळली आणि म्हणाली, "हिरवीच आहे. घ्या दुकान."

लग्नानंतर ती दुकानात येऊन स्टुलावर बसली, "थोडे दिवस मदतीला" म्हणून, ती बसलीच. गिऱ्हाइकाने लाल किंवा हिरवा रंग मागितला की फीतवाले बायकोकडे बघतात आणि बाई नुसती हनुवटी हलवून फळी दाखवतात. प्रत्येक रिळावर बाईंच्या गोल अक्षरात रंगाची चिठ्ठी असते, तरी लाल-हिरव्याला बाईंनी दाखवल्याशिवाय त्यांचा हात पुढे होत नाही. गावाला वाटतं, हा माणूस म्हणजे बायकोच्या ताटाखालचं मांजर. फीतवाल्यांना ते चालतं. खरं कारण कळण्यापेक्षा मांजर बरं. शिवाय त्यांच्यापाशी एक गोष्ट होती, जिच्या जोरावर ते सगळी थट्टा हसत सोसायचे. या दोन रंगांतला एक त्यांनी आयुष्यात एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ओळखला होता. ती फीत अजून बाईंच्या पत्र्याच्या डब्यात होती.

एके सकाळी बाईंनी जाहीर केलं, "सहा महिन्यांनी मला साठ पूर्ण होतात. त्या दिवसापासून स्टूल तुमचं. माझे गुडघे रजा मागतायत." फीतवाले "बरं" म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मनात आलं, तीच फीत पुन्हा विणून घ्यायची. एक खोकंभर. शेवटच्या दिवशी तिच्यापुढे ठेवायची.

तसली फीत आता कुठल्याच ठोक व्यापाऱ्याकडे मिळेना. शेजारच्या घड्याळजींनी पूर्वी दोनदा परदेशातून स्प्रिंगा मागवल्या होत्या, त्यामुळे ते स्वतःला या विषयातले जाणकार समजत. त्यांनी समुद्रापलीकडचा एक कारखाना शोधून दिला आणि पत्र लिहायला बसले. कारखान्याचे प्रश्नच संपेनात. रुंदी मिलिमीटरमध्ये सांगा. कड शिवलेली की विणलेली? दोन हजार मीटरच्या खाली आम्ही यंत्राला हात लावत नाही. रंगाचा क्रमांक कळवा, नाहीतर तुकडा पाठवा. फीतवाल्यांनी बाई आंघोळीला गेल्याचं बघून डबा उघडला, जुन्या फितीचा बोटभर तुकडा चोरासारखा कापला आणि सोबत लिहून दिलं: रंग हिरवा.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. घड्याळजींनी भिंग डोळ्याला तसंच ठेवून वाचलं, "आपण हिरवा लिहिलं आहे, परंतु पाठवलेला तुकडा विटकरी लाल आहे. आम्ही शब्द धरायचा की तुकडा?"

"त्यांची काहीतरी गफलत झाली असेल," फीतवाले म्हणाले. "टपालात अदलाबदल झाली असेल."

"गफलत कसली? तुकडा पाकिटात मीच घातला ना. लालच होता. मला वाटलं, तुम्ही दोन फिती मागवताय." घड्याळजींनी भिंग काढलं आणि आवाज खाली आणला. "अहो, पंधरा वर्षं शेजारी बसतो मी. निळी फीत मागितली तर तुम्ही स्वतः काढता. हिरवी मागितली की आधी वहिनींकडे बघता. मला काय कळत नाही?"

रात्री जेवताना फीतवाल्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपली ती पहिली फीत. कशी गं होती रंगाला?"

"हिरवीगार," बाई पापणीही न लवता म्हणाल्या आणि त्यांच्या पानात भाजी वाढली. ही साक्ष कोर्टातही टिकली असती.

दोन दिवस ते रागात होते. राग फितीचा नव्हता. अख्ख्या जन्मात एकच गोष्ट आपली आपण बघितली होती, तीही आता आपली राहिली नव्हती. मग त्यांना दुसरीच शंका खाऊ लागली. ही बाई आणखी कुठे कुठे खोटं बोलली असेल? त्यांनी घड्याळजींना पुढे उभं केलं आणि चौकशी सुरू केली. माझा स्वेटर? तपकिरी. बाई तपकिरीच म्हणाल्या होत्या. दाराचा पडदा? हिरवा. बरोबर. दुकानातली तीनशे बारा रिळं दोघांनी मिळून चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली, बाई दवाखान्यात गुडघे दाखवायला गेल्या होत्या त्या दुपारी. एकही चिठ्ठी चुकलेली नव्हती. अडतीस वर्षांत बाई एकदाच खोटं बोलल्या होत्या, आणि ते निस्तरायला त्यानंतर रोज स्टुलावर येऊन बसल्या होत्या. हे लक्षात आलं तेव्हा फीतवाले रिकाम्या दुकानात खाली बसले आणि चक्क रडले. घड्याळजी उगाचच आपल्या दुकानाचं कुलूप तपासायला गेले.

दुसऱ्या दिवशी उत्तर गेलं. तुकडा धरा. सोबत त्यांनी एका संपलेल्या रिळावरची बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी पाठवली आणि लिहिलं, प्रत्येक रिळावर हिची हुबेहूब छापील नक्कल लावावी. कारखान्याने विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? यांनी कळवलं, हिरवी. त्यावर तातडीचं पत्र आलं: फीत लाल आणि चिठ्ठी हिरवी, हे नक्की ना? एकदा विणलं की परत घेणार नाही. घड्याळजी म्हणाले, "त्यांना वाटत असेल, कुठला येडा भेटलाय." फीतवाल्यांनी एका शब्दात कळवलं: नक्की.

माल बंदरात आला आणि तिथेच अडकला. कस्टमच्या कचेरीत चष्मा कपाळावर चढवलेल्या अधिकारीणबाईंनी खोकं उघडून ठेवलं होतं. "कागदावर विटकरी लाल. चिठ्ठीवर हिरवी. खरं काय?"

"दोन्ही," फीतवाले म्हणाले.

"असं कस्टममध्ये चालत नाही, काका."

मागे रांग होती. साठीपार होईपर्यंत जे बायकोशिवाय कुणापुढे बोलले नव्हते, ते फीतवाल्यांनी त्या रांगेसमोर मोठ्याने सांगितलं. मला लाल-हिरवं कळत नाही. माझ्या बायकोने लाल फितीला हिरवी म्हणून मला दुकान घ्यायला लावलं. ही तिलाच भेट आहे. मागचा एक जण हसला, पण कुत्सितपणे नव्हे. अधिकारीणबाईंनी कागद पुढे सरकवला, "कारण लेखी द्या." त्यांनी लिहिलं: 'फीत लाल आहे. आमच्या घरी तिला हिरवी म्हणतात.' अधिकारीणबाईंनी ते दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "खोकं नीट चिकटवून घ्या. उघडलेलं दिसलं तर काकूंची मजा जाईल."

बाईंच्या स्टुलावरच्या शेवटच्या दिवशी खोकं दुकानात आलं. फीतवाल्यांनी कात्री हातात दिली. बाईंनी चिकटपट्टी कापली, एक रीळ काढलं, आपलंच अक्षर वाचलं, फितीकडे पाहिलं, पुन्हा अक्षर वाचलं.

"रंग कोणता गं?" फीतवाल्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"लिहिलंय की त्यावर," बाई म्हणाल्या. मग त्यांना हसू आवरेना आणि हसता हसता डोळे भरले. "कधी कळलं?"

"चार महिने झाले."

"रागावलात?"

"दोन दिवस. मग बाकीचं सगळं तपासून पाहिलं."

"मेलं, माझी तपासणी!" बाईंनी फितीच्याच टोकाने डोळे पुसले. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही आज गिरणीत असता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. तो एक रंग मात्र तुम्हाला बरोबर कळला असता."

फीतवाले हसले. इतकं छान आपल्याला कुणी कधी फसवलं नव्हतं, असं त्यांना वाटलं, आणि तसं त्यांनी तिला सांगितलंही.

तेवढ्यात टोप्या शिवणारी एक तरुणी आत आली. "विटकरी लाल फीत आहे का हो? दोन मीटर हवी होती."

बाईंची हनुवटी सवयीने वर झाली आणि तिथेच थांबली. फीतवाल्यांनी बायकोकडे पाहिलंच नाही. त्यांनी खोक्यातून 'हिरवी' असं लिहिलेलं रीळ उचललं, मीटरपट्टीला लावून दोन मीटर मोजली आणि कापून दिली.

"अगदी हाच रंग हवा होता मला," ती म्हणाली.

"माहीत आहे," फीतवाले म्हणाले.

बाईंनी आपलं स्टूल उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.