खानावळ दाखवायचा कार्यक्रम

बिदर जिल्ह्यातल्या औरादच्या बसस्टँडामागं सुभद्राबाईची खानावळ होती. खानावळ म्हणजे वर पत्रे, खाली दोन चुली आणि सहा चेपकी ताटं. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक वाढायचं, ताटं वाढत नसत. पहिली पंगत उठून ताटं घासून होईपर्यंत निम्मे लोक कंटाळून भज्याच्या गाड्याकडं जात. बाईचा जीव तीळतीळ तुटायचा. पण ताटं कमी आहेत हे काही तिच्या तोंडून निघत नसे. म्हणायची, "बसा की अप्पा जरा, भाकर फुगायलीय." भाकर कधीच फुगून गार झालेली असायची.

स्वभावच तसा. घरातलं तेल संपलं तर ती शेजारणीला सांगायची, डॉक्टरनं तेलकट बंद केलंय. तिच्या ओळखीचा डॉक्टर एकच होता, आणि तो जनावरांचा.

एकोणऐंशी साली किशनराव शिंप्यानं बातमी आणली. लहान धंदेवाल्यांना भांडी-हत्यारं घ्यायला सरकार सबसिडी देतंय. त्यानंच कन्नडात अर्ज लिहून दिला, बाईनं सही केली, आणि मग निरोप आला की शुक्रवारी बिदरहून साहेब खानावळ बघायला येणार.

'बघायला येणार' एवढं ऐकलं आणि गल्ली कामाला लागली. कुणाच्या पोरीला बघायला पाव्हणे आले की घरोघरची भांडी-सतरंज्या त्या घरी जायच्या, ही तिथली रीतच होती. रिकामी भिंत दिसली की सोयरीक मोडते! सुभद्राबाईची समईसुद्धा अशी कितीतरी घरं फिरून आली होती. आता तिची पाळी. पार्वतीबाईनं स्टीलची नवी ताटं दिली, चंद्रम्मानं तांबे-पेले, अण्णारावांनी रेडिओ, निंगप्पानं हाताची खुर्ची. बाईची चेपकी ताटं सरपणामागं गेली.

साहेब आले, तशी सगळी गल्ली दाराशी जमली. खुर्चीत बसले, रेडिओ ऐकत पोटभर जेवले. मग चारी बाजूंनी नजर फिरवून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"अम्मा, आपका धंदा तो जोरदार है. ये सबसिडी गरीबां के वास्ते है."

खरं सांगावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर ताटं जातात. सुभद्राबाईला बाजारातलं उठून जाणारं गिऱ्हाईक आठवलं. जन्मात कधी केलं नव्हतं ते तिनं केलं.

"साहेब, ह्यातलं माझं काहीच न्हाई."

दाराआडून पार्वतीबाई कळवळली, "अगं, कामून असं बोलायलीस? समदं तुझंच हाय की!"

"तुझी ताटं तू घेऊन जा बघू."

"माझी? मी तर ही आजच बघायलेय!"

निंगप्पानं खुर्ची आपली नाही अशी शपथ वाहिली, अण्णारावांनी रेडिओ ओळखलासुद्धा नाही. पाव्हण्यासमोर दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे शेजारधर्माला काळिमा. साहेब हसले. गरीब म्हटलं की सगळेच गरीब होतात, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. ते निघायला उठले.

मग मात्र बाईचा संयम सुटला. तिनं साहेबांचं उष्टं ताट उचलून पालथं केलं. उरलेलं वरण निंगप्पाच्या खुर्चीवर सांडलं. ताटाखाली दुकानदारानं कोरलेलं नाव होतं. साहेबांनी एकेक अक्षर लावून वाचलं, 'सौ. पार्वतीबाई'. तांब्यावर चंद्रम्मा निघाली.

"मेरी खुर्ची!" निंगप्पाच्या तोंडून निघून गेलं.

"अम्मा, आपका क्या है?"

सुभद्राबाईनं सरपणामागून आपली ताटं काढली आणि साहेबांच्या पुढ्यात मांडली. तिला रडू आलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

महिनाभरात सबसिडी मंजूर झाली. बाई किशनरावांना घेऊन उदगीरला गेली आणि दोन डझन ताटं निवडली. दुकानदारानं कोरायचं मशीन हातात घेतलं.

"काय नाव घालू, अक्का?"

बाईनं थोडा विचार केला.

"काहीच घालू नको," ती म्हणाली. "गल्लीत कुणाकडं पाव्हणे आले, तर पंचाईत नको."