माहेरच्या नावाचं तिकीट

तिकिटावर माणसाचं नाव असतं, हे माझ्या आईला बहात्तराव्या वर्षी कळलं. तोवर माहेरी जाताना तिनं काढलेलं प्रत्येक तिकीट बिननावाचं होतं. खिडकीत पैसे सरकवायचे, स्टेशन सांगायचं, पलीकडून तिकीट यायचं. कुठे जायचंय एवढंच विचारायचे. तू कोण, हे कधी कुणी विचारलं नाही.

आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले. घरामागे सुपारीची लहानशी वाडी, खाली भाताची थोडी शेती. मी तालुक्यातल्याच एका शाळेत मास्तर. आईचं माहेर दक्षिणेला, संगमेश्वराच्या बाजूला. कोकणात रेल्वे यायच्या आधी ती एसटी बदलत बदलत जायची, रेल्वे आल्यापासून जनरल डब्यानं. मी तिला स्टेशनावर सोडायचो, पलीकडे मामेभाऊ उतरवून घ्यायचा. मधले काही तास तिचे स्वतःचे असत. डब्यात शिरली की कुणीतरी सरकून जागा द्यायचंच, आणि तिसरं स्टेशन येईपर्यंत आईला शेजारणीच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी पाठ झालेली असत. सोबत येऊ का, असं मी एकदाच विचारलं होतं. "तू कशाला? मधे मधे बोलशील," म्हणाली होती.

मग महामारी आली. पहिल्या वर्षाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माणसं मरत होती, गाड्या बंद ठेवल्या, ठीकच केलं. माझा राग आहे तो नंतरचा. लग्नं पाचशे पाचशे माणसांत लागायला लागली, प्रचारसभा झाल्या, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळेना, भेळवाल्यांपुढे माणसं खांद्याला खांदा लावून उभी. तोंडाला फडकं बांधलेला माणूस दिसला तर तो बाहेरचा नव्हे, आमच्या शाळेतला शिपाई असायचा. सगळं सुरू झालं. फक्त जनरल डबा तेवढा रोगाला घाबरत होता.

डबा तोच, बाकडी तीच, खिडकीच्या गजाचा गंजही तोच. पण आता त्या बाकड्यांना नंबर दिले होते आणि आधी आरक्षण केल्याशिवाय बसायची सोय नव्हती. आरक्षण मोबाइलवर करा म्हणे. आमच्या वरच्या वाडीत मोबाइलला रेंज येते ती आंब्याच्या झाडाखाली, तीही वारा बरा असला तर. जनरल डबे पुन्हा सुरू करायचं ठरलंय, असं पेपरात आलं होतं. पण ज्या गाड्यांची आरक्षणं आधीच झाली होती त्यांचे डबे तसेच राहणार, हे त्याच बातमीच्या शेवटच्या ओळीत होतं. आमची गाडी त्या शेवटच्या ओळीतली. त्यात एसटीचा संप. डेपोत लाल गाड्या चाकं बसेपर्यंत उभ्या. गरीब माणसाला जायचे दोनच रस्ते, एक संपानं अडवलेला, दुसरा नियमानं. संप निदान कुणीतरी पोटासाठी केला होता. नियम कुणासाठी होता ते मला आजतागायत कळलेलं नाही.

शिमगा आठ-दहा दिवसांवर आला असताना मामेभावाचा फोन आला. मामाला, म्हणजे आईच्या थोरल्या भावाला, अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले होते. आता अन्नही कमी झालं होतं. "बाबा तीन दिवस आत्याचंच नाव घेतायत," तो म्हणाला. "तिला पाठव. सावकाश ये म्हणून आता सांगत नाही." आईच्या माहेरचं तेवढंच माणूस उरलं होतं. मधल्या दोन्ही बहिणी आधीच गेल्या होत्या. आईनं फोन ठेवला आणि उठून पिशवी भरायला घेतली. सोललेली सुपारी, सोड्यांची म्हणजे सुक्या कोळंबीची पुडी, दोन लुगडी. भाऊ काही खात नाही हे आत्ताच ऐकलं होतं तरी सोड्यांची पुडी.

शाळेत दहावीच्या परीक्षेची धावपळ चालली होती, मला हलता येईना. तिकीट काढायला आई शेजारणीला घेऊन बाजारातल्या संगणकाच्या दुकानात गेली. संध्याकाळी घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. मी तारीख पाहिली, गाडी पाहिली, डबा आणि आसन पाहिलं. नाव पाहिलं नाही. आपल्या आईचं नाव कोण तपासून बघतं?

स्टेशनावर पोचायला आम्हाला दीड तास लागला. सहा आसनी रिक्षात अकरा माणसं. त्या अकरांत कुणालाच आरक्षण लागलं नव्हतं. स्टेशनाच्या दाराशी दोरी बांधलेली, दोरीपाशी तिकीट तपासणारे साहेब आणि एक पोलीस. पक्कं आरक्षण असलेल्यालाच आत सोडत होते. साहेब तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी तिकीट पाहिलं, आधार कार्ड पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं.

"आजी, नाव काय तुमचं?"

आईनं नाव सांगितलं. पहिलं नाव, मग तिच्या वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. शाळेतल्या मुलीसारखं, सरळ उभं राहून. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ते नाव मी माझ्या उभ्या आयुष्यात दोन-चारदाच ऐकलं असेल, तेही मामाच्या तोंडून.

"पण आधारवर वेगळं आहे," साहेब म्हणाले.

"ता सासरचं हाय."

"मग तिकीट या नावानं कसं काढलंत?"

"अवो, मी म्हायेरी चाललंय न्हवं?" आई म्हणाली. साहेबांना एवढं साधं कळत नाही याचंच तिला नवल वाटत होतं. "तितं मला सासरच्या नावानं कोन वलकतं?"

मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. पोलीसही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसण्यासारखं काय होतं त्यात? लग्नात माझ्या वडिलांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि आईचं पहिलं नाव पुसून टाकलं, तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का? आमच्याकडे एकजात सगळ्या बायकांचं असंच. इकडे आल्या की इकडचं नाव, तिकडे गेल्या की तिकडचं. शेजारीण सोबत होती, तिलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. दुकानातल्या मुलीनं विचारलं होतं, आजी कुठे चाललात, नाव काय. आईनं दोन्हींचं खरं उत्तर दिलं होतं.

मी साहेबांना समजावलं. लग्नाची रीत सांगितली. मी शिक्षक आहे, लेखी देतो, म्हटलं. साहेब ऐकून घेत होते, मान डोलवत होते, आणि दोरी धरून उभे होते. "सर, मला पटतंय. पण कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळलं पाहिजे. महामारीचे नियम आहेत." हे मला जास्त झोंबलं. खेकसले असते तर बरं झालं असतं.

"रोग कार्ड बघून होतो का?" मी ओरडलो. "या बाईनं दोन लसी घेतल्यात, ते कुठल्या नावानं घेतल्यात ते नाही विचारलंत! आसन रिकामं जाणार आहे तुमचं. त्यावर बसायला कोण येणार आहे? तिचं माहेरचं नाव?"

पोलीस म्हणाला, "मास्तर, आवाज खाली." मी आणखी वर नेला. तीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज आहे, स्टेशनाच्या टोकापर्यंत गेला. माणसं जमली. एक-दोघं माझ्या बाजूनं बोलायला लागले तसा मला चेवच चढला. खोटं कशाला बोलू, मला त्यात बरंही वाटत होतं. दोन वर्षं जे जे गिळलं होतं ते सगळं मी त्या एका माणसावर ओकत होतो.

भांडणाच्या भरात गाडी आली कधी ते कळलं नाही. दोन मिनिटांचा थांबा. आई दोरीशी उभी, पिशवी छातीशी धरून. आमच्यापासून चाळीस पावलांवर तिचा डबा उभा होता, आणि उघड्या दारातून आतली दोन बाकडी अर्धी रिकामी दिसत होती. एरवी त्या दारातून आत शिरायला माणसं लोंबकळायची. गाडी हलली. आईनं डब्याकडे पाहून हात जोडले, देवळावरून जाताना जोडतात तसे. ते पाहून माझा आवाजच बसला.

गर्दी पांगल्यावर ती म्हणाली, "बाबू, गाडी मिलते काय बघ. ते टूरवाले असतात न्हवं गावात."

आणि इथे मी जे केलं ते लिहायचं म्हणून तर हे सगळं लिहायला बसलो. मी नाही म्हणालो. पैशांचा प्रश्न नव्हता. महाग पडली असती, पण परवडली असती. मला माघार घ्यायची नव्हती. गाडी करून गेलो म्हणजे त्या दोरीपुढे हरलो, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. "कशाला गाडी?" मी म्हणालो. "योग्य नावाचं तिकीट काढतो. ह्याच स्टेशनावरून, ह्याच दारातून, ह्याच्या नाकावर टिच्चून तुला आत सोडतो. बघू कसा अडवतो!"

रिक्षात परत येताना आईनं फक्त एकदा सांगितलं, दादाला फोन करून कळव, म्हणजे वाट बघणार नाही.

शिमग्याची गर्दी, आसनं संपलेली. खटपट करून पाचव्या दिवसाचं एक मिळालं. या वेळी दुकानात मी स्वतः बसलो, कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर जुळवलं. घरी येऊन तक्रारअर्ज लिहायला घेतला. चार पानं झाली. नियम, रीत, ज्येष्ठ नागरिक, माणुसकी, सगळं घातलं. शाळेत सहकाऱ्यांना वाचून दाखवला, त्यांनी वाहवा केली. एक मुद्दा राहिलाय वाटून पुन्हा पहिल्यापासून लिहिला. ते चार दिवस मी भलताच उत्साहात होतो. आई ओसरीवर बसून असायची. पिशवी तिनं सोडली नव्हती, तशीच भरलेली उशाशी ठेवली होती. मी अर्जातली वाक्यं तिलाही ऐकवली. "बरं लिवलंस," म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला मामेभावाचा फोन आला. पहाटेच गेले होते. शुद्ध शेवटपर्यंत होती, असं तो म्हणाला, आणि मग म्हणाला, काल विचारत होते, आत्याची गाडी किती वाजता आहे. आईला तिच्या पहिल्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं.

मी बाजारात फोन लावला. पर्यटकांना फिरवणारा एकजण ओळखीचा होता, त्याची पांढरी गाडी अर्ध्या तासात दारात उभी राहिली. परीक्षेचं काम दुसऱ्यावर सोपवायला एक फोन पुरला. मुख्याध्यापक म्हणाले, अहो जा की, विचारता काय. गेले चार दिवस जे जे जमत नव्हतं ते सगळं त्या अर्ध्या तासात जमलं.

वाटेत आई रडली नाही. महाड मागे पडलं, कशेडी घाट लागला. रस्त्याचं काम चाललेलं, गाडी थांबत थांबत जात होती. मीच बोलत होतो. काय व्यवस्था आहे, म्हाताऱ्या बाईला भावाच्या तोंडात पाणी घालू दिलं नाही, मी सोडणार नाही, वरपर्यंत जाईन. ड्रायव्हर हो हो म्हणत होता.

आईनं हात करून मला थांबवलं.

"ही गाडी त्या दिवशी गावातच व्हती ना रं?"

"होती," मी म्हणालो.

"मंग तू भांडत कशाला बसलास?"