हात जड झाला का रे?

राजेहो, माझ्याकडून तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. मामाच्या बैलानं एसटीला धाप लागेस्तोवर पळवलं, ते. रिसोडच्या बाजारात माझ्या एका शिंकेनं सोयाबीनचा भाव चढला, ते. शेलूबाजारात चहाच्या टपरीवर बसलो की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही, आणि ऐकणाऱ्यांनाही तो नको असतो. पण आज जे सांगतोय ते टपरीवर कधी आलं नाही. घरी बायकोजवळ नाही, कधी एकटा असताना स्वतःशी मोठ्यानं बोललोय असंही नाही. आणि यात मी काही फुगवलेलं नाही. फुगवता आलं असतं तर — पण ते राहू द्या.

माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट बेसबॉलची आहे. हसू नका, आमच्या वाशीम जिल्ह्यात बेसबॉल खेळतात. क्रिकेटवाल्यांनी मैदान सोडलं की खेळतात. तर गोष्ट अशी, की जिल्ह्याची टीम निवडायच्या दिवशी कामरगावच्या मिलिंदनं असा सुस्त बॉल टाकला, की वाटेत एक बगळा येऊन त्यावर बसला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पंख साफ केले आणि उडून गेला, तरी बॉल अजून यायचाच होता. लोक चहा सांडतात. मिलिंद आता टपरीपुढच्याच रस्त्यावर प्रवाशांची जीप चालवतो. कधी टपरीवर असला तर तोही हसतो. एकदा म्हणाला, "आन् बगळ्यानं तिकीट बी नाई काढलं."

बगळा खोटा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या गोष्टीत आणखी एक खोटं आहे. ते बगळ्याच्या पाठीमागे बसलंय — म्हणजे मी बसलोय.

तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. होळी झाली की जिल्ह्याचं निवड शिबिर लागायचं. हॉलमध्ये गाद्या टाकलेल्या, दोन्ही वेळ वरणभात, सकाळी दव असेपर्यंत पळायचं आणि ऊन चढलं तरी पळायचंच. मी कॅचर. म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसणारा, पिचरनं फेकलेला बॉल झेलणारा. माझ्यासारखा बडबड्या कॅचर साऱ्या विदर्भात नव्हता. बॅटवाल्याच्या कानाशी अशा थापा मारायचो की तो हसण्यात बॅट फिरवायचा विसरायचा. झेलायचो मात्र बेताचं. हे आज लिहितोय. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर भांडलो असतो.

मिलिंद पिचर होता. घरी मजुरी. कामरगावच्या पाण्याच्या टाकीच्या खांबावर खडूनं चौकोन काढून तो आणि त्याच्याच गावचा गजू, शिबिरातला दुसरा कॅचर, लहानपणापासून फेकत आले होते — एक फेकणार, दुसरा झेलणार. मिलिंदचा बॉल हातात बसला की तळव्याला मिरची लागल्यासारखं व्हायचं. त्याला पोलिसात जायचं होतं. टीम राज्यात जिंकली, पदक आलं, तर खेळाडूंच्या कोट्यातून भरतीची वाट मोकळी होते, हे त्याला पाठ होतं. रात्री गादीवर पडून तो तेच बोलायचा. आणि मी ऐकायचो — ऐकून हुंकार द्यायचो. त्याला मी आवडायचो, हे सांगायला हवं ना?

शिबिराच्या शेवटाला टीम निवडणारे आमचे सर जेवताना सहज बोलून गेले. मिलिंद तर येणारच, आणि त्याचा बॉल गजूशिवाय कोणाला धड झेलता येत नाही, म्हणजे गजूही येणार. माझ्याकडे पाहून म्हणाले, "शरद, तुझं मग पाहू." मी वरणात भात कालवत राहिलो. मिलिंद टीममध्ये, तर गजू टीममध्ये. गजू टीममध्ये, तर मी घरी. इतकं सरळ होतं ते. पुढे जे केलं ते रागाच्या भरात केलं असं म्हणू का? नाही. रात्रभर विचार करून केलं.

सरांची एक रीत होती. शेवटच्या सामन्यात ते जमलेल्या जोड्या मोडायचे. पिचर आपल्या कॅचरविना कसा टिकतो ते पाहायला. म्हणून त्या दिवशी गजू समोरच्या टीममध्ये गेला, आणि मिलिंदच्या पुढ्यात मी बसलो. पंच म्हणून माझ्या मागे उभे सर.

आता एक गोष्ट फक्त कॅचरला माहीत असते. वेगाचा बॉल प्लेटवरून, म्हणजे बॅटवाल्यापुढच्या पांढऱ्या पाटीवरून, कुठून गेला हे पंचाला दिसतं-न दिसतं. त्याची नजर असते कॅचरच्या ग्लोव्हवर. ग्लोव्ह जिथे थांबला, तिथे बॉल होता. चांगला कॅचर काठावरचा बॉल झेलून हळूच आत घेतो. मी उलटं केलं. मिलिंदचा बॉल अगदी मधून यायचा, बॅटवाला नुसता पाहत राहायचा, आणि मी तो झेलता झेलता वीतभर बाहेर ओढायचो. सर म्हणायचे, बाहेर. पुन्हा मधून, पुन्हा बाहेर. असे चार झाले की बॅटवाला फुकट चालत पहिल्या बेसवर जातो. तसे एकामागून एक चालत गेले.

एवढ्यावर थांबलो असतो तर? थांबलो नाही. एवढ्यानं मिलिंद मोडला नसता. तो नुसता कपाळाचा घाम पुसत होता, त्याला वाटत होतं सरांना ऊन लागलंय. म्हणून मी खेळ थांबवून त्याच्याजवळ गेलो. खांद्यावर हात ठेवला. जगातली सगळी माया आवाजात आणली — ती मला आणता येते, तुम्ही ऐकलीय — आणि विचारलं, "हात जड झाला का रे?"

तो म्हणाला, "नाई बे. काहून?"

मी म्हटलं, "काही नाई. बॉल सुटताना खाली येऊन राह्यला. तू टाक. मी हाव नं मागं."

परत येऊन बसलो. त्यानं फेकायच्या आधी खांदा फिरवून पाहिला. आजवर मी त्याला खांदा फिरवताना पाहिलं नव्हतं. मी पुन्हा बॉल बाहेर ओढला. पुन्हा गेलो, पुन्हा विचारलं. पाणी नेलं. दंड चोळून दिला. आणि मग, राजेहो, त्याचा हात खरोखरच जड झाला. ग्लोव्ह ओढायची गरज उरली नाही. बॉल नुसते येत होते, आणि समोरचे ते उचलून कुंपणापार मारत होते. सर पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड फिरवून उभे राहिले.

बाजूच्या चुन्याच्या फक्कीच्या रेघेजवळ गजू बसला होता. तो मिलिंदकडे पाहत नव्हता. माझ्या डाव्या हाताकडे पाहत होता. सामना संपल्यावर तो आला, माझा ग्लोव्ह उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "लय हालून राह्यला होता हा आज." मी त्याच्या तोंडावर हसलो. तो सरांकडे गेला तर? तर काय बोलायचं याच्या तीन-चार थापा मी तिथल्या तिथे रचल्या. तो गेला नाही. का गेला नाही, मला माहीत नाही. पुढे पुण्याला कंपनीत लागला. रस्त्यात भेटला तर मान दुसरीकडे करतो.

टीममध्ये मी आलो. मिलिंद नाही, म्हणून गजूही नाही. पहिल्याच सामन्यात आमचा धुव्वा उडाला. त्यानंतर मिलिंदनं बॉल हातात धरला नाही. मी जिल्ह्याच्या टीमचा कॅचर म्हणून शाळेत खेळाचा मास्तर लागलो. बगळ्याची गोष्ट त्याच वर्षी रचली. लोकांनी दुसरं काही विचारू नये म्हणून रचली, आणि ती इतकी चालली की मलाही कधीकधी बगळा दिसतो.

आता शिबिर मी घेतो. जोड्या मोडायची रीतही मी तशीच ठेवली आहे. यंदा मुलींच्या शिबिरात मिलिंदची पोरगी आली आहे, प्रज्ञा. तिचा पहिला बॉल मी स्वतः झेलला आणि तळव्याला मिरची लागली. मी ग्लोव्ह काढून मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

काल संध्याकाळी मिलिंद जीप घेऊन आला. उद्या निवडीचा सामना आहे. पोरीला घेऊनच जातो म्हणत होता. म्हणे, आमच्या घराण्यातच खोट आहे, ऐन वेळेला हात गळतो. माझं झालं ते तिचं होऊ नये, गावभर हसं होते. गावभर. तो हे मला सांगत होता. पोरगी बॉलच्या शिवणीवरून अंगठा फिरवत खाली मान घालून उभी होती.

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड माझं, थापा माराव्या तर आभाळ खाली आणणारं. एक वाक्य लागत होतं. मी म्हटलं, "राहू दे तिले. चांगली टाकते." एवढंच म्हटलं.

मिलिंदनं एकदा पोरीच्या हातातल्या बॉलकडे पाहिलं. मग राजी झाला. एरवी मला शरद्या म्हणतो, पोरीसमोर सर म्हणतो. जीपमध्ये बसता बसता तिला म्हणाला, "हात जड वाटला त सरांले सांगजो बाई. यायले लगेच समजते. माह्या टायमाले सगळ्यात आधी यायलेच समजलं होतं."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हो."