जोड दिसता कामा नये

आमच्या ह्यांचा धंदा माणसं जोडण्याचा. ऐकायला पुण्याचं काम वाटतं, पण असतं एवढंच की स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तीन-चार फोटो एकदम उघडायचे, एकातला माणूस कडेकडेनं कापायचा आणि दुसऱ्यात नेऊन उभा करायचा. लग्नाला न पोचलेला भाऊ बहिणीशेजारी आणायचा, रुसून बसलेली नणंद मागच्या रांगेत बसवायची. मी म्हणायची, तुमच्या कॉम्प्युटरवर नणंदा किती गुण्यागोविंदानं नांदतात हो! हे हसायचेसुद्धा नाहीत. मुलखाचे अबोल.

काम शिकवलं सासऱ्यांनी. त्यांनी ते ब्लेड आणि डिंकानं केलेलं. शिकवण एकच: उजेड एका बाजूनं आला पाहिजे, जोड दिसता कामा नये. एका फोटोत उजेड डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून असला, तर एक फोटो फ्लिप करायचा, म्हणजे आरशात दिसतो तसा डावं-उजवं बदलून घ्यायचा. गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही. उलट खूश होतं, कारण माणूस स्वतःला रोज आरशातच बघतो.

आरसा आमच्याकडेही आहे, कॉम्प्युटरच्या वर, भिंतभर. गिऱ्हाइकांना भांग पाडायला लावलेला. हे त्याच्याकडे तोंड करून बसतात आणि सासरे मागे स्टुलावर. बावीस वर्षं बाप-लेक त्या आरशातूनच बोलले. “चिमण्या, मानेपाशी जोड दिसतोय,” असं सासऱ्यांनी आरशात बघून म्हणायचं आणि आमच्या पोट सुटलेल्या, सत्तेचाळीस वर्षांच्या चिमण्यानं मान न वळवता तो पुसायचा.

दोन वर्षांपूर्वी सासरे विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग माझं नाव. चिमण्याला मात्र विसरले नव्हते. निदान स्टुलावर बसल्यावर तरी नाही.

एका मंगळवारी सकाळी ते राखाडी कोट घालून बाहेर पडले. मी काउंटरवरच होते. मी त्यांना जाताना पाहिलं आणि कुठे निघालात म्हणून विचारलं नाही. त्या सकाळी त्यांनी मला चारदा चहा मागितला होता आणि चौथ्यांदा मी खेकसले होते. म्हटलं, जाऊ देत कोपऱ्यापर्यंत, तेवढीच माझ्या डोक्याला शांतता. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

दुपारपर्यंत आले नाहीत. संध्याकाळी आम्ही पोलीस चौकीत होतो. तिथल्या हवालदारानं साधी गोष्ट मागितली, अलीकडचा एक स्पष्ट, निदान छातीपर्यंतचा फोटो. आमच्या तोंडचं पाणी पळालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पन्नास वर्षं ज्यानं सगळ्या गावाचे फोटो काढले, त्याचा स्वतःचा फोटो काढणार कोण? ओळखपत्रावरचा होता चौदा वर्षांपूर्वीचा, काळ्या केसांचा. बाकी बहुतेक असे: एकात अर्धं डोकं, एकात नुसता खांदा, एकात तोंडावर हात.

मग स्टुडिओत येऊन ह्यांनी पाच फोटो उघडले. आमच्या लेकीच्या वाढदिवसाचा एक होता, खिडकीपाशी काढलेला. त्यात चेहरा स्वच्छ होता, पण गळ्यापासून खाली केक आणि मुलं. दुसऱ्यात राखाडी कोट पूर्ण होता, पण मान वळलेली. वाढदिवसाचा चेहरा कापला, कोटावर बसवला. केस तिसऱ्या फोटोतून घेतले, हल्लीचे, विरळ. मानेची कड मऊ ब्रशनं पुसली. शेवटी सगळे तुकडे एकत्र केले, खाली वर्णन टाइप केलं: उंची मध्यम, राखाडी कोट, उजव्या भुवईत जुन्या जखमेची रेघ. ती रेघ कॅमेऱ्याचा स्टँड पडून झालेली, तरुणपणीची.

“वाच एकदा,” हे मला म्हणाले. मी फोन नंबर दोनदा तपासला. बाकी मजकूर वाचलाच नाही. फोटो बघून मला रडू आलं, इतके ते हुबेहूब होते.

तीनशे कागद चिकटवले. खांबांवर, दुकानांच्या शटरवर, दवाखान्यांच्या दारांवर. बुधवार गेला, गुरुवार गेला. हे जेवेनात. रिकाम्या स्टुलाकडे आरशातून बघत बसायचे. मी स्टूल आत नेऊन ठेवलं तर माझ्यावर ओरडले आणि परत आणून ठेवलं. ज्यानं उभ्या जन्मात आवाज चढवला नाही, तो माणूस.

शुक्रवारी फोन आला. मोठ्या हॉस्पिटलातल्या सफाईवाल्या मावशी बोलत होत्या. म्हणाल्या, बुधवारपासून आमच्या वॉर्डात एक बाबा आहेत, रस्त्यात पडलेले सापडले. सिस्टर म्हणतात की कागदावरचे हे नव्हेत. पण ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात, हनुवटी जरा खाली घ्या, पापणी मिटू नका. तुमचा कागद स्टुडिओचा दिसला म्हणून म्हटलं विचारावं.

आम्ही धावलो. खिडकीजवळच्या खाटेवर सासरे बसलेले, हॉस्पिटलच्या कपड्यांत, दाढी वाढलेली. हे “बाबा” म्हणत पुढे झाले आणि त्यांचा हात धरला. सासऱ्यांनी तो सोडवून घेतला. सिस्टरकडे बघून म्हणाले, “हे कोण गृहस्थ आहेत? मी ह्यांना ओळखत नाही.”

सिस्टर बाई वाईट नव्हती. तिनं आमचाच कागद पुढे धरला. “तुम्हीच लिहिलंय, उजव्या भुवईत रेघ. फोटोतही उजवीकडेच आहे. ह्यांच्या डाव्या भुवईत आहे. ते तुम्हाला ओळखतही नाहीत. मी कशाच्या आधारावर सोडू त्यांना?” दुपारी त्यांना निराधारांच्या आश्रमात हलवायचं ठरलं होतं, तिकडे जाऊन अर्ज करा म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हे तिच्या हातातला कागद घेऊन त्याच्याकडेच बघत राहिले होते. मग हळूच म्हणाले, “मी चेहरा फ्लिप केला. कोटावरचा उजेड जुळेना म्हणून. हात आपोआप गेला.” आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. “मला तो बरोबर वाटला गं. मला बाबा असेच दिसतात.”

बुधवारपासून माणूस इथे, कागद दारावर, आणि तीन दिवस तो कागदच आमच्या आड उभा. मी ओळखपत्र दाखवलं. सिस्टर म्हणाली, ह्यात तर रेघ नीट दिसतही नाही. मी हात जोडले, रडले, वाद घातला. सासरे खिडकीबाहेर बघत होते. नवरा जमिनीवर. मला वाटलं, संपलं. घेऊन जातील आता, आणि आपल्याच हातानं आपण हा माणूस घालवला.

‘मला बाबा असेच दिसतात’ हे ह्यांचं वाक्य डोक्यात घुमत होतं आणि माझी नजर कोपऱ्यातल्या बेसिनवर गेली. वर आरसा होता. एका कोपऱ्यात तडकलेला, पण आरसा, आणि बाप-लेकांनी एकमेकांना रोज पाहिलं ते आरशातच.

मी सासऱ्यांना म्हटलं, चला, तोंड धुवायचंय. माझ्याबरोबर निमूट आले. त्यांना आरशासमोर उभं केलं आणि ह्यांना दंडाला धरून उठवलं, मागे नेऊन उभं केलं. ह्यांच्या हातात तो कागद तसाच, समोर धरलेला. सिस्टर काही बोलणार होती, मावशींनी तिला थांबवलं.

सासऱ्यांनी आरशात पाहिलं. आधी स्वतःला, मग मागे. बराच वेळ. मग त्यांची नजर ह्यांच्या हातातल्या कागदावर आली आणि कपाळाला आठी पडली.

“चिमण्या,” ते म्हणाले, “जोड दिसतोय रे मानेपाशी.”

ह्यांना हुंदका आवरेना. “पुसतो, बाबा,” एवढंच म्हणाले. सिस्टरनं टेबलावरून फॉर्म घेतला आणि सहीची जागा दाखवली.

सही झाली. सासरे आरशापासून वळले, समोर हे उभे. सासऱ्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“आपण कोण?”

ह्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. “फोटोवाला,” म्हणाले.

“मग हरकत नाही,” सासरे म्हणाले. “माझा मुलगाही फोटोवालाच आहे. त्याच्याकडे सोडा मला.” आणि ह्यांच्या हाताला धरून चालू लागले.