फुलवंताचं भेव

देवरीच्या पल्याड, जंगलाला लागून असलेल्या एका गावात फुलवंता राहते. नवरा योगराज हायवेवरच्या धाब्यावर स्वयंपाक करतो, मुलगी सोनू चौथीत आहे. धानाची रोवणी, तेंदूपत्ता, मोहफुलं यांतून जो वेळ उरेल त्यात फुलवंता लाकूड कोरते. कुणी शिकवलं नाही. शिवणीच्या झाडाचं वाळलेलं लाकूड हातात आलं की तिला त्यात आधी शेपूट दिसतं, मग पाठ, आणि मग तिला दुसरं काही दिसत नाही.

मार्चमध्ये असंच झालं. ती ससा कोरत बसली आणि चुलीवरचा भात पार करपला. सोनू मुरमुरे खाऊन झोपली. योगराज कामावरून आला, भांडं पाहिलं आणि म्हणाला, "लाकडासंगंच संसार कर मंग. आमी कायले पाह्यजे तुले?"

तिनं करपलेलं भांडं घासून पालथं घातलं. सकाळी मात्र त्याला न उठवताच मोहफुलं वेचायला निघाली. मोहाच्या दिवसांत अस्वलं फिरतात म्हणून एकट्यानं कुणी जात नाही. रागाच्या भरात तिला त्याचं काही वाटलं नाही.

अर्धी टोपली भरली तेव्हा शिवणीची मोडून पडलेली फांदी तिच्या नजरेस पडली. वाकडी, मधेच फुगलेली. हे तर खवल्या मांजर! टोपली मोहाखालीच ठेवून ती फांदीपाशी बसली आणि विळ्यानं साल सोलू लागली. किती वेळ गेला कोण जाणे. मागून फुरफुर ऐकू आली तेव्हा तिला वाटलं, कुणाचं तरी ढोर असेल.

अस्वल होतं. पाठीवर पिल्लू घेऊन ते तिच्या टोपलीत तोंड घालून फुलं खात होतं. गावाची वाट त्याच्या पलीकडं होती.

फुलवंता वारुळाआड सरकली. लुगडं ओलं झालं, ते तिला नंतर कळलं. मागल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याचा चेहरा अस्वलानं फाडला होता. तोच चेहरा सारखा समोर येत होता. आपण इथं आहोत हे कुणालाच ठाऊक नाही. सोनू आता उठली असेल.

तेवढ्यात लांबून हाक आली. "सोनूची माय! ओ सोनूची माय!"

योगराज त्याच वाटेनं येत होता. ती गप्प राहिली असती तर तो सरळ अस्वलासमोरच आला असता.

"येऊ नोका! अस्वल आहे, येऊ नोका!" ती ओरडली.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, तिच्याकडं वळलं. छातीवरचा पांढरा पट्टा तिला स्वच्छ दिसला. ते तिच्या रोखानं पुढं सरलं, आणि पलीकडून कुऱ्हाडीचा दांडा झाडावर आपटू लागला. योगराजच्या आरोळ्या, शिव्या, पुन्हा दांडा. अस्वल थबकलं, फुत्कारलं आणि पिल्लासकट झुडपांत घुसलं.

योगराज आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "काऊन आली व एकटी?" एवढंच विचारून तो तिला घेऊन गावाकडं वळला.

त्यानंतर विळा उचलला तरी तिच्या कानात फुरफुर वाजे. कोरण्याची पटाशी फळीवर तशीच पडून राहिली. भात वेळेवर होऊ लागला, तेव्हा आधी योगराजला बरंच वाटलं. पण ती जेवता जेवता थांबायची, दार वाजलं की दचकायची, सोनूशीही बोलेनाशी झाली. त्याला आता तिच्या या वागण्याचीच धास्ती वाटू लागली.

सुटीच्या दिवशी तो म्हणाला, "चाल, लाकूड पाहून येऊ."

"मले भेव लागते."

"मलेबी लागते. तू लाकूड पाय, मी झुडपं पायतो."

आता ती दोघं मिळूनच जंगलात जातात. सोनूचं जेवण झाल्याशिवाय पटाशी फळीवरून खाली काढायची नाही, हे फुलवंतानं स्वतःच ठरवलं. जंगलात बसून ती कोरते तेव्हा तो तिच्याकडं पाठ करून, कुऱ्हाड धरून उभा असतो. पान सळसळलं की दोघंही श्वास रोखून बघतात. काहीच नाही असं दिसलं की ती पुन्हा लाकडावर धार टेकवते.