योहानानं मंडळी का सोडली

चाकूरच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा माझी ट्रंक टपावर चढवून दोरीनं आवळली ती योहानानं, माझ्या धाकट्या भावानं. खाली उतरून म्हणाला, "दादा, पोचलास की कळव." मी चढून खिडकीशी बसलो. आदल्या संध्याकाळबद्दल दोघंही बोललो नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांत कुणी गाव सोडून निघालं की चर्चची मंडळी त्याच्या घरी जमते, प्रार्थना होते आणि घरातलाच एकजण बायबलमधला शास्त्रपाठ वाचतो. योहान उशिरा वाचायला शिकला होता. पाठ त्यानं हौसेनं मागून घेतला होता. तो अडखळला आणि मी सगळ्यांदेखत पुस्तक त्याच्या हातातून ओढलं. "दे इकडं. सकाळपर्यंत वाचत बसतोस का?" लोक हसले. आई तेवढी म्हणाली, "हळू बोल रे लेकरा." त्यानंतर योहान उपासनेला कधी गेला नाही.

पुण्यात मी मास्तर झालो, पुढं चर्चच्या कमिटीवर आलो. सोसायटीच्या वॉचमनला 'प्लीज' म्हणायला शिकलो. सौम्यता हे पवित्र आत्म्याचं फळ, यावर चर्चमध्ये कितीदा बोललो, लोकांनी वाखाणलंही. आणि भावाबद्दल कुणी विचारलं की सांगायचो, "त्याला शेतापुढं देव दिसत नाही." ते बोलणं चाकूरला पोचलं. त्याच्या मुलांनीही तेच खरं धरलं.

यंदा नाताळात त्याच्याकडे जेवायला बसलो. त्याची मुलगी रूथ म्हणाली, "मोठे पप्पा, प्रार्थना तुमीच करा. आमच्या पप्पाला लई कंटाळा हाय देवाचा." योहानही हसला. माझ्यानं डोळे मिटवेनात. खरं काय झालं ते सगळं सांगून टाकलं.

"दादा, जेव. भाकर निवून राहिली," एवढंच तो म्हणाला.

रूथचा चेहरा उतरला. "पप्पा, इतकी वर्सं बोलला का न्हाई तुमी?"

"बोललो असतो तर तुमी पोरांनी त्याला दारात उभं केलं असतं का? त्याला गावात यायला घर पाहिजे की न्हाई?"

पुण्यातला फ्लॅट माझ्या नावावर आहे. पण गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर कुठं विचाराल तर मी चाकूरच सांगेन. ते योहानानं स्वतःचं नाव खराब होऊ देऊन माझ्यासाठी राखलं. मंडळीतली त्याची जागा मला परत देता आलेली नाही. रविवारी उपासनेला निघताना त्याला म्हणालो, "चल." "तू जा दादा," म्हणाला, आणि वाकून माझ्या चपला दाराकडे सरळ करून ठेवल्या.