डाव्या हाताची बटणं

डॉक्टरांनी विचारलं, "हात कधीपासून चालत नाही?" आणि मी खोटं बोललो. "आत्ताच, साहेब. चहा करताना कप पडला हातातून."

माझी बायको सुवर्णा स्ट्रेचरवर होती. तोंड वाकडं झालेलं. सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, 'इस्केमिक स्ट्रोक'. म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही.

खरं काय घडलं होतं ते सांगतो. सोलापुरात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सुवर्णा दुपारी डबा घेऊन यायची आणि गिऱ्हाईक नसलं की एका वेबसाइटवर गिटार वाजवत बसायची. स्क्रीनवर गिटारचं चित्र येतं. डाव्या हाताने कीबोर्डची बटणं दाबून सूर धरायचे, उजव्या हाताने माउस तारांवरून फिरवायचा. अक्कलकोटकडच्या माहेरची एक कन्नड अंगाई तिने त्यावर बसवली होती. मी थट्टा करायचो, पण ऐकायला आवडायचं.

त्या दुपारी अंगाई मध्येच तुटायला लागली.

"अहो, डावीकडची बटणं मेली वाटतं. लागतच न्हाईत बघा."

"तूच बडवून बडवून मारलीस की. फॉर्म भरायचं मशीन हाय ते."

मी दुसरा कीबोर्ड जोडला. तरी तेच. "आता बोटंच बदलून आणतो तुझी," मी म्हणालो. ती हसली. हसताना ओठाचा एक कोपरा हललाच नाही.

काढलेला कीबोर्ड मी शेजारच्या मशीनला लावून बघितला. सगळी बटणं चालत होती. म्हणजे बिघाड तिच्या हातात होता. तेवढ्यात शेवटच्या तारखेचा फॉर्म घेऊन एकजण आला. मी सुवर्णाला रिक्षात बसवलं, "घरी जाऊन पड जरा," म्हणालो आणि फॉर्म भरत बसलो.

संध्याकाळी घरी पोचलो. माझ्यासमोरच तिच्या हातातून कप पडला, मागोमाग ती.

हॉस्पिटलात डॉक्टर समजावत होते. "थ्रॉम्बोलिसिस करू या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. पहिल्या काही तासांतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. वेळ नक्की सांगताय ना?"

सहीसाठी कागद पुढे आला. नर्स औषध भरत होती. मी पेन उचललं. खरं सांगितलं तर इंजेक्शन हातचं जाणार होतं. नाही सांगितलं तर कदाचित तीच.

"दुपारपासून," मी म्हणालो. "दुकानात असल्यापासून."

डॉक्टर रागावले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. "बरं झालं बोललात. आता हे देता येणार नाही," एवढंच म्हणाले. औषधाचा ट्रे परत गेला.

नंतरचे दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर गेले. मेंदूला सूज वाढली तर कवटी उघडावी लागेल, असं सांगितलं होतं. दार उघडून कुणी नातेवाइकाचं नाव पुकारलं की मी ताडकन उभा राहायचो. दुसऱ्याचं नाव निघालं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग त्याचीही लाज.

सूज उतरली. सुवर्णा वॉर्डात आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "ह्यांनी लगेच आणलं म्हणून वाचले बघा." मी मान खाली घालून मोसंबी सोलत बसायचो.

तुमच्या घरी असं कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर थांबू नका. डॉक्टरांना खरी वेळ सांगा. त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा विचारलं, हे त्यांचे माझ्यावरचे उपकार आहेत.

घरी आल्यावर फिजिओथेरपीच्या ताईंनी डाव्या बोटांना रोज काम द्यायला सांगितलं. मी दुकानातला कॉम्प्युटर घरी आणला, गिटारची वेबसाइट उघडली आणि तो जुना कीबोर्ड तिच्यापुढे ठेवला. तिने एक बटण दाबलं. बऱ्याच वेळाने दुसरं. तार वाजली.

"अहो, हा तर बिघडलेला न्हवं का? दुरुस्त केला व्हय?"

तिचा गार डावा हात मी हातात घेतला.

"बिघडला न्हवताच गं. त्याच दुपारी लावून बघितला होता मी. सगळी बटणं चालत होती. मला कळलं होतं, तरी गिऱ्हाईक सोडून उठलो न्हाई. डॉक्टरांशीपण आधी खोटं बोललो. तुला लगेच न्हाई आणलं मी, सुवर्णा. माझ्यामुळं उशीर झाला. चुकलो. मला माफ कर."